अस्मानी की सुलतानी? जूडिथ श्क्लार यांचा अन्यायविचार



आपल्या भाषेत संकटाची दोन नावं जोडीनं येतात: अस्मानी आणि सुलतानी. आभाळातून कोसळतं ते अस्मानी, सत्तेच्या हातून होतं ते सुलतानी. पाऊस पडला नाही ही अस्मानी. पीक बुडालं तरी सारा वसूल झाला ही सुलतानी. जोडी इतकी सवयीची आहे की या दोहोंमधली रेघ कुणी आखली, हे आपण सहसा विचारत नाही. आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे त्या जूडिथ श्क्लार यांनी आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत नेमकं हेच विचारलं. त्यांचे शब्द अर्थात वेगळे होते, दुर्दैव आणि अन्याय. पण प्रश्न हाच. एखादी आपत्ती दुर्दैव कधी असते आणि अन्याय कधी? आणि ते ठरवायचं कुणी?

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना ते तपासून बघता येईल. श्क्लारबाई आज सगळीकडे ओळखल्या जातात त्या १९८९ साली आलेल्या ‘भीतीचा उदारमतवाद’ या एका निबंधामुळे. निबंध मोठाच आहे, त्यात वाद नाही. पण तेवढाच वाचला तर अर्ध्याच श्क्लार हाती लागतात. उरलेल्या अर्ध्या १९९० च्या ‘अन्यायाचे चेहरे’ या छोट्या पुस्तकात आहेत. आणि गंमत अशी की हे दोन अर्धे एकमेकांशी पुरते जुळत नाहीत. ते कुठे जुळत नाहीत हे समजून घेणं, हेच आजच्या व्याख्यानाचं काम.

थोडी ओळख करून घेऊ. जन्म १९२८ चा, लाटव्हियातल्या रीगा शहरात, जर्मन बोलणाऱ्या ज्यू कुटुंबात. १९३९ मध्ये युद्धाच्या तोंडावर कुटुंब स्वीडनला निसटलं. जर्मन फौजा नॉर्वेपर्यंत आल्यावर तिथूनही निघावं लागलं. सैबेरिया ओलांडणाऱ्या रेल्वेनं जपान, तिथून बोटीनं अमेरिकेचा पश्चिम किनारा, आणि मग कॅनडातलं मॉन्ट्रियल. मॅकगिल विद्यापीठात शिक्षण, १९५५ मध्ये रॅडक्लिफमधून डॉक्टरेट, आणि पुढे सगळं आयुष्य हार्वर्डला. तिथल्या शासनशास्त्र विभागात कायम प्राध्यापकपद मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ते मिळायला १९७१ साल उजाडलं, तोवर त्यांची तीन पुस्तकं प्रसिद्ध झाली होती. १९९२ मध्ये, चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आलेला असताना, त्या गेल्या.

आपल्या वाचनप्रवासाविषयी १९८९ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी लहानपणची एक आठवण सांगितली आहे. शेक्सपिअरचं त्यांनी वाचलेलं पहिलं नाटक ‘टायटस अँड्रॉनिकस’, म्हणजे त्याच्या नाटकांतलं सगळ्यात रक्तबंबाळ. त्या पोरवयात बसलेली दहशत त्यांच्या मनातून कधी गेली नाही. घराबाहेरचं जगही तेव्हा फारसं वेगळं नव्हतं. तरीसुद्धा त्यांचं लिखाण वाचताना कुठे हुंदका ऐकू येत नाही. कोरडं, टोकदार, अधूनमधून चिमटा काढणारं असं ते गद्य आहे.

आता मूळ विचाराकडे वळू. १९८४ च्या ‘सामान्य दुर्गुण’ या पुस्तकात त्यांनी पाच दुर्गुण घेतले: क्रौर्य, ढोंग, उच्चभ्रू तुच्छता, विश्वासघात आणि मनुष्यद्वेष. आणि विचारलं, यांतला सगळ्यात वाईट कोणता? प्रश्न सोपा वाटतो ना? पण ख्रिस्ती परंपरेतल्या सात महापापांची यादी काढून बघा. अहंकार आहे, लोभ आहे, मत्सर आहे, आळसदेखील आहे, क्रौर्य नाही. आपल्याकडचे षड्रिपू आठवा: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. तिथेही क्रौर्य नाही. का नसावं? आम्हाला वाटतं, या याद्या माणसानं स्वतःचा उद्धार कसा करावा यासाठी केलेल्या आहेत. बिघडतं ते माणसाचं देवाशी किंवा स्वतःशी असलेलं नातं. ज्याच्या पाठीवर आसूड उठतो तो त्या यादीत कुठेच नसतो.

श्क्लारबाईंनी तो दिसेल अशा जागी उभं राहून यादी नव्यानं लावली. क्रौर्य सगळ्यात वर ठेवलं तर काय होतं? पहिली गोष्ट, पाप ही कल्पना मागे पडते, कारण दुखापत देवाला झालेली नसून समोरच्या जित्याजागत्या जिवाला झालेली असते. दुसरी, मॅकियाव्हेलीशी हिशेब करावा लागतो. राज्य राखायचं तर क्रौर्य हिशेबानं वापरावं, असं त्यानं उघड लिहून ठेवलं. याला उत्तर देणारा त्यांना सापडला तो सोळाव्या शतकातला मोन्तेन. फ्रान्समध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांच्या जिवावर उठले होते; १५७२ मध्ये पॅरिसला कत्तल झाली होती. अशा काळात मोन्तेननं लिहिलं की आपल्याला सगळ्यात जास्त तिटकारा क्रौर्याचा आहे. आणि स्पॅनिश लोकांनी अमेरिकेत जे केलं ते बघून रानटी कुणाला म्हणायचं, असं आपल्याच लोकांना विचारलं.

पण श्क्लारबाई मोन्तेनची आरती ओवाळत नाहीत. क्रौर्याचा इतका तिटकारा केला की माणूसजातीचाच वीट येतो, आणि मग एक चूक हमखास होते: बळी पडलेल्यांना आपण संत करून टाकतो. त्या बजावतात की बळी गेला म्हणून कुणी सद्गुणी ठरत नाही. आजचा बळी उद्या संधी मिळाली की छळ करू शकतो. त्याच्यावर अत्याचार होऊ नये यासाठी तो चांगला माणूस असण्याची अट नाही. हे वाक्य ऐकायला साधं आहे, पण पाळायला अवघड. अत्याचाराची बातमी आली की ‘तो कसा होता, ती कशी होती’ ही चौकशी पहिल्या तासात सुरू होते, हे आपण बघतोच.

या विचाराला राजकीय रूप मिळालं १९८९ च्या निबंधात. इतर उदारमतवादी एखाद्या परम कल्याणापासून निघतात. हक्क, आत्मविकास, वगैरे. श्क्लारबाई परम अकल्याणापासून निघतात. ते अकल्याण म्हणजे क्रौर्य, त्यातून येणारी भीती, आणि त्या भीतीचीही भीती. हा वारसा मोंतेस्क्यूचा. १७४८ च्या ‘कायद्यांचे मर्म’ या ग्रंथात त्यानं म्हटलं होतं की जुलमी सत्ता भीतीवर चालते. मग स्वातंत्र्य म्हणजे काय? दाराशी शिपाई आला तरी छातीत धडधडू नये, इतपत निर्धास्तपण. सत्ता विभागलेली हवी, न्यायालयं स्वतंत्र हवीत, कायदा आधी सांगितलेला हवा, याचं कारण राज्यकर्ते दुष्ट असतात हे नव्हे. सत्ता हाती असलेला कोणीही, मोका मिळाला तर, दुबळ्याला दुखवू शकतो. बस, एवढंच गृहीत.

आयझाया बर्लिन यांच्याशी त्यांची तुलना नेहमी होते. दोघंही मूळचे रीगाचे, दोघांनाही मोठ्या आदर्शवादी आश्वासनांचा संशय. पण फरक लक्षात घ्यावा. बर्लिन यांनी स्वातंत्र्य आणि स्वातंत्र्य भोगण्यासाठी लागणारी परिस्थिती या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. श्क्लारबाईंना ही फारकत मान्य नव्हती. ज्याच्याकडे काहीच नाही, त्याला धमकावायला फार सत्ता लागत नाही. भीतीचा हिशेब करायचा तर पोट, काम आणि पत यांचाही करावाच लागतो.

इथपर्यंत सगळं पटतं. अडचण पुढे आहे.

त्या निबंधात क्रौर्याची व्याख्या अशी येते: बलवान व्यक्तीनं किंवा गटानं आपला काही हेतू साधण्यासाठी दुबळ्याला जाणूनबुजून दिलेली वेदना, मुख्यतः शारीरिक. ‘जाणूनबुजून’ हा शब्द धरून ठेवा, कारण सगळं अडतं ते तिथे. एक उदाहरण घेऊ. १८४५ मध्ये आयर्लंडमध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसं उपासमारीनं आणि साथींनी मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली. रोग अस्मानी होता, कबूल. पण त्याच वर्षांत आयर्लंडमधून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जात होती. मदतीचा कारभार लंडनच्या खजिना खात्यातल्या चार्ल्स ट्रेव्हेल्यन या अधिकाऱ्याच्या हाती होता. बाजारात सरकारनं ढवळाढवळ करू नये, आणि या संकटात ईश्वरी योजना आहे, अशी त्याची ठाम समजूत. हा माणूस आधी बंगालमध्ये कंपनीच्या नोकरीत होता आणि पुढे १८५९ मध्ये मद्रासचा गव्हर्नर झाला, म्हणजे आपल्यालाही अगदीच परका नाही. आता सांगा, ट्रेव्हेल्यन क्रूर होता का? त्यानं कुणावर हात उगारला नाही. वेदना देण्याचा त्याचा हेतू होता असंही दाखवता येणार नाही. निबंधातली व्याख्या काटेकोर लावली तर हे १० लाख तिच्या बाहेर राहतात. भीतीच्या उदारमतवादाची नजर दंडुका घेऊन आलेल्या शिपायावर खिळलेली आहे. फाइल बाजूला सारणारा कारकून तिला दिसत नाही.

आणि म्हणूनच पुढच्या वर्षी आलेलं पुस्तक महत्त्वाचं. ‘अन्यायाचे चेहरे’ ही मुळात व्याख्यानंच होती, येल विद्यापीठाच्या कायदा विद्यालयात दिलेली. तिथे त्या तक्रार करतात की तत्त्वज्ञांनी न्यायावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले आणि अन्याय म्हणजे फक्त न्यायाचा अभाव, असं समजून पुढे गेले. जणू आरोग्य कळलं की रोग आपोआप कळतो! त्यांचे हार्वर्डमधले सहकारी जॉन रॉल्स यांनी १९७१ च्या ग्रंथात न्याय्य समाजाचा आराखडा काढला होता. श्क्लारबाई दुसऱ्या टोकाकडून येतात: ज्याला अन्याय झाला असं वाटतं, त्याचं आधी ऐकू या.

या पुस्तकात लिस्बनच्या भूकंपाची चर्चा आहे. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च गच्च भरलेली. आधी भूकंप, मग समुद्राची लाट, मग आग. हजारो माणसं मेली. पाद्र्यांनी सांगितलं, हा देवाचा कोप. व्होल्तेरनं कविता लिहून विचारलं, लिस्बननं पॅरिसपेक्षा आणि लंडनपेक्षा जास्त पापं केली होती का? त्याला देवाच्या न्यायाचा हिशेब मागायचा होता. रूसोनं १७५६ च्या पत्रात वेगळाच मुद्दा काढला. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं त्या जागी दाटीनं निसर्गानं उभारली नव्हती; माणसं विरळ वस्तीत राहिली असती तर हानी फार कमी झाली असती. बघा, एका वाक्यात आपत्तीचा अर्धा भाग अस्मानीतून उचलून सुलतानीत टाकला.

याचा धडा काय घ्यायचा? ‘सगळ्याला माणूसच जबाबदार’ असा घ्यावा, तर श्क्लारबाई अडवतात. दोषी शोधण्याची भूक माणसाला असतेच, आणि नुसतंच दुर्दैव असलेल्या घटनेतही ती बळीचा बकरा शोधून काढते. पण उलट टोकाची चूक त्यांना जास्त धोक्याची वाटते, कारण ती सोयीची असते. ‘नशीब’ म्हटलं की कुणालाच काही करावं लागत नाही. रेघ कुठे पडते हे निसर्ग ठरवत नाही; त्या काळाचं तंत्रज्ञान, लोकांच्या अपेक्षा आणि ज्याच्या हातात सत्ता आहे त्याची सोय मिळून ती ठरते. डिसेंबर १९८८ मध्ये आर्मेनियात भूकंप झाला, २५ हजारांच्या आसपास माणसं गेली. तिथे निकृष्ट काँक्रीटच्या नव्या बहुमजली इमारती पत्त्यांसारख्या कोसळल्या. जमीन हलली हे अस्मानी. सिमेंटमध्ये काय घातलं, ते कुणी तपासलं, हे काही आभाळातून पडलेलं नाही.

आता या पुस्तकातली मध्यवर्ती कल्पना. सिसेरोनं दोन हजार वर्षांपूर्वी म्हटलं होतं की अन्याय दोन तऱ्हांचा: एक स्वतः करणं, आणि दुसरा, थांबवणं शक्य असूनही न थांबवणं. श्क्लारबाई दुसऱ्या प्रकाराला निष्क्रिय अन्याय म्हणतात. आपण मराठीत ‘बघ्याची भूमिका’ म्हणतो, अगदी तेच. त्यांच्यासमोर एक चित्र आहे. इटलीतल्या पादुआ शहराच्या एका प्रार्थनामंदिरात जोत्तोनं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला सद्गुण आणि दुर्गुण रंगवले. त्यातला ‘अन्याय’ म्हणजे पडक्या वेशीत बसलेला एक पुरुष. समोर झाडी माजली आहे. त्याच्या पायांखालच्या पट्टीत वाटमारी चालली आहे, एका बाईचे कपडे फाडले जात आहेत. आणि तो? तो दुसरीकडे बघतो आहे. त्यानं स्वतः काही केलेलं नाही. फक्त मान वळवलेली आहे.

निष्क्रिय अन्यायाचा आरोप त्या सगळ्या माणूसजातीवर ठेवत नाहीत. तो नागरिकांवर आहे, आणि अधिकाऱ्यांवर त्याहून जास्त. शेजारच्या घरातला मारहाणीचा आवाज ऐकून जो दूरदर्शनचा आवाज वाढवतो, तक्रार नोंदवून न घेता जो ‘उद्या या’ म्हणतो, तो नागरिकपणाच्या नात्यानं दोषी आहे. ट्रेव्हेल्यनला आता पळवाट नाही. हेतू काय होता, हा प्रश्नच उरत नाही. थांबवता येत होतं का? येत होतं. मग?

आता मघाशी म्हटलेलं भांडण स्पष्ट दिसेल. निबंध राज्याला सांगतो, हात आवर. पुस्तक राज्याला आणि नागरिकांना सांगतं, हात पुढे कर. बघ्यांना हलवायचं तर कुणाला तरी अधिकार द्यावे लागतात; मारहाणीच्या घरात शिरायला पोलीस लागतो. आणि अधिकार वाढले की भीती वाढते. श्क्लारबाईंनी हा पेच सोडवलेला नाही. त्यांची दिशा एवढीच, की लोकशाही निदान अन्यायाची तक्रार गप्प करत नाही, म्हणून ती बरी. आमच्या मते हे उत्तर अपुरं आहे. तक्रार करू देणं आणि तक्रार ऐकणं यांत फार अंतर आहे, आणि त्या अंतरातच बहुतेक निष्क्रिय अन्याय राहतो. ऐकून घेणारी यंत्रणा कशी असावी, न ऐकल्याची किंमत कुणी मोजावी, यावर त्यांच्याकडून अधिक हवं होतं.

मायकेल वॉल्झर यांचा आक्षेप वेगळा आहे. भीती आपल्याला काय टाळायचं ते सांगते, पण काय राखायचं ते सांगत नाही. तटबंदी कशाभोवती बांधायची हे आधी ठाऊक हवं, असं त्यांचं म्हणणं. आक्षेपात तथ्य आहे. पण अन्यायाचं पुस्तक शेजारी ठेवलं तर तो बराच सौम्य होतो. तिथे राखायचं काय ते दिसतं: आपलं गाऱ्हाणं कुणीतरी मनावर घेईल, या खात्रीनं जगणारा नागरिक.

आमचा सगळ्यात मोठा आक्षेप मात्र दुसराच आहे. अमेरिकेतल्या गुलामगिरीकडे श्क्लारबाईंनी डोळेझाक केली नाही. १९९१ चं त्यांचं अमेरिकी नागरिकत्वावरचं पुस्तक तिच्याच छायेत उभं आहे. पण युरोपची आशिया-आफ्रिकेतली साम्राज्यं त्यांच्या भीतीच्या इतिहासात मध्यभागी येत नाहीत. यायला हवी होती, कारण तिथे उदारमतवादच सत्तेवर होता. जॉन स्टुअर्ट मिल १८२३ ते १८५८ अशी पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीला होता, आणि १८५९ च्या स्वातंत्र्यावरच्या पुस्तकात त्यानं ‘मागासलेल्या’ समाजांना आपल्या तत्त्वातून वगळलं. मोंतेस्क्यूचंही तसंच. त्याची जुलमी सत्ता म्हणजे तुर्कस्तान, इराण, हिंदुस्थान. सुलतानी म्हणजे शब्दशः सुलतानाची! आंकेतील द्युपेरों हा फ्रेंच विद्वान सुरतेला पारशी दस्तुरांकडे शिकून गेला. त्यानं १७७८ मध्ये दाखवलं की या देशांत लिखित कायदे आहेत, खासगी मालमत्ता आहे, आणि ‘इथे सगळं राजाचंच’ ही समजूत युरोपीय लुटीला सोयीची पडते. म्हणजे ज्या ग्रंथानं युरोपला भीतीविरुद्ध सावध केलं, त्याच्याच चित्रानं इतरांच्या डोक्यावर भीती बसवायला निमित्त दिलं.

याचा अर्थ श्क्लारबाईंना बाजूला ठेवावं, असा नाही. हा आक्षेप घ्यायला लागणारं हत्यार त्यांनीच आपल्या हाती दिलं आहे. क्रौर्य पहिलं ठेवा, बळी पडलेल्याचं आधी ऐका, बघ्याला सोडू नका, या तीन गोष्टी घेऊन साम्राज्याकडे गेलं की त्यांचं अपुरं राहिलेलं काम पुढे नेता येतं.

वाचायला सुरुवात कुठून करावी, असं पुष्कळ जण विचारतात. आमची शिफारस: आधी ‘अन्यायाचे चेहरे’, मग निबंध, मग ‘सामान्य दुर्गुण’. व्याख्यानं ऐकण्याची सवय असलेल्यांसाठी आणखी एक. राजकीय कर्तव्यावरची त्यांची १९९२ ची हार्वर्डमधली वर्गव्याख्यानं २०१९ मध्ये पुस्तकरूपात आली आहेत. वाचताना फळ्यासमोर उभी असलेली शिक्षिका ऐकू येते.

आणि एक छोटासा अभ्यास. उद्याच्या वर्तमानपत्रात पूल पडला, आग लागली, रुग्णालयात कुणी गेलं, अशी बातमी असेलच. तिच्यात ‘दुर्दैवी घटना’ हे शब्द आले की क्षणभर थांबा आणि बघा, ते कुणी उच्चारले आहेत. ज्याचं माणूस गेलं त्यानं, की ज्याच्यावर जबाबदारी होती त्यानं?

इथे थांबतो.